चार पिनांचा डबा

भावाभावांच्या वाटण्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. मित्रांनी केलेली वाटणी कधी पाहिली आहे का? शेताची नाही, घराची नाही. एका यंत्राची. त्याचं पोट उघडून चौघांनी चार भाग केले, ज्याचा त्याने घरी नेला, आणि त्या दिवसापासून ते यंत्र चौघांपैकी कुणाच्याच कामाचं राहिलं नाही. नसेल पाहिली, तर ऐका. आणि ऐकण्याआधीच "भाजीवाल्यांचं कसलं आलंय संगीत" असं मनात आलं असेल, तर ते आधी बाहेर ठेवून या. त्या सुरात तो शब्द कुणी काढला की माझं डोकं फिरतं, आणि ते फिरलं की काय होतं ते आमच्या बाजारात विचारा.

आमचा बाजार नाशिकला पंचवटीच्या बाजूला एका गल्लीत भरतो. मी सासूच्या जागेवर वांगी-टोमॅटो घेऊन बसायला लागले तेव्हा माझ्या डाव्या हाताला गोरक्षअण्णा होते आणि समोर, गल्लीच्या पलीकडे, कारभारीनाना. अण्णांकडे मेथी, कोथिंबीर, पालक. नानांकडे पालक, कोथिंबीर, मेथी. दोघेही जवळच्या मखमलाबाद गावचे, दोघांच्या शेतांना एकच बांध. गल्ली एवढी अरुंद की अण्णा शिंकले तर नानांच्या कोथिंबिरीवर शिंतोडे जावेत. पण बोलणं बंद. एकमेकांचं नावसुद्धा तोंडातून काढायचे नाहीत. निरोप माझ्यामार्फत.

"मनीषा, समोरच्याला सांग, त्याचा पालापाचोळा इकडे उडतोय," अण्णा म्हणायचे.

"त्याला म्हणावं, वाऱ्याला नोटीस दे."

"समोरच्याला म्हणावं, वारा आहे म्हणून तुझं तोंड उघडलं तरी."

मी मधल्यामधे टपाल. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, बांधाचं भांडण असणार. मखमलाबादला दुसरं काय असतं? कोपऱ्यावरच्या गेणूभाऊंना एकदा तसं म्हणाले, तर ते हसले. गेणूभाऊंची चहाची गाडी. चहा उकळेपर्यंत त्यांची बोटं गाडीच्या पत्र्यावर सारखी वाजत असतात, दोन्ही हातांची, वेगवेगळी. मला वाटायचं सवय आहे.

"बांधाचं आसतं तर कोर्टात मिटलं आसतं," ते म्हणाले. "ह्ये दोघं बीट ग्रुपचे हायेत. मीबी."

"कसला ग्रुप?"

"गिटारी. ड्रम. इंग्लिश गाणी. ह्यो तुमचा गोरक्षअण्णा लीड गिटार वाजवायचा, केस हितपर्यंत." गेणूभाऊंनी खांद्याला हात लावला. "गावात बाया इचारायच्या, कोणत्या देवाचा नवस हाय रं?"

मी अण्णांकडे पाहिलं. डोक्यावर टोपी, कानात पेन, मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत बसलेले. मला गेणूभाऊ थापा मारतायत असंच वाटलं. पण त्या दिवसानंतर मी अण्णांच्या डाव्या हाताकडे बघायला लागले. जुडी बांधताना बोटं दोऱ्यावर अशी पडायची, जशी आपली कुणाची पडत नाहीत.

मग मी त्यांना सोडलंच नाही. मला शाळेने सातवीपर्यंतच पोचवलं; पुढचं सगळं मी माणसांना प्रश्न विचारून शिकले. अण्णा आधी उडवून लावायचे. नंतर एकदा गुरुवारी बाजार बंद असताना त्यांच्या मळ्यात गेले, तेव्हा त्यांनी कांद्याच्या चाळीत नेऊन एक लाकडी डबा दाखवला. कोंबड्यांच्या खुराड्याएवढा. पुढून मोठं गोल भोक, मागून पोकळ. वरच्या पट्टीवर चार लहान भोकं.

"हा आमचा अँप्लिफायर," ते म्हणाले. "आत काही नाही."

साठच्या दशकात अण्णा आणि नाना, शाळेपासूनचे मित्र, पहाटे सायकलींवर भाजी लादून देवळाली कॅम्पात न्यायचे. बंगल्याबंगल्यांतून रेडिओवर गिटारी वाजायच्या. एका बंगल्यातलं कुटुंब देश सोडून चाललं, त्यांच्या बाईने जाताना अण्णांना जुनी गिटार दिली. मागच्या दाराने येणारा हा पोरगा भाजी देऊन निघायचं सोडून पायरीवर ऐकत बसतो, हे तिने पाहिलेलं. गिटार आली तर वाजवायला शिकवणार कोण? शरणपूरचा शमुवेल. ख्रिस्ती घरातला, चर्चमध्ये गाणारा, डावखुरा, काठीसारखा उंच. त्याचा मामा थेटरात सिनेमाचं मशीन चालवायचा. त्या मामानेच थेटरच्या भंगारातून हा डबा बनवून दिला. नानांसाठी एका गिटारवर जाड तारा चढवून बासही त्यानेच करून दिला. गेणूभाऊ लग्नाच्या बँडात ताशा वाजवायचे, त्यांना ड्रमवर बसवलं. ग्रुपचं नाव ठेवलं 'गोदा बीट्स'. गावाने त्याचं 'गोधडी बीट' केलं.

डबा एकच. त्यात चार पिना: एक अण्णांच्या गिटारची, एक नानांच्या बासची, एक शमुवेलच्या गिटारची आणि एक माईकची. एकाने आवाज वाढवला की दुसऱ्याचा दबायचा, म्हणून वाजवता वाजवता सगळ्यांचं लक्ष एकमेकांकडे. "आम्ही भांडायला मोकळे नव्हतोच," अण्णा म्हणाले. "एका ताटातले चौघं. एकाने जास्त ओढलं तर बाकीचे उपाशी."

टोकदार बूटही एकच जोड होता. तो पुढे उभं राहणाऱ्या शमुवेलचा. बाकीचे मागे चपला घालून. कार्यक्रम नसेल त्या संध्याकाळी इराण्याकडे बसायचे. शमुवेल इंग्रजी गाण्यांचा अर्थ सांगायचा. नाना ऐकून म्हणायचे, "म्हंजे ह्याचीबी बाई ह्याला सोडून गेली? साऱ्याच गाण्यांत कशी जाते रं?" त्यावर शमुवेल इतका हसायचा की इराणी गल्ल्यावरून उठून बघायला यायचा. शरणपूरला नाताळात फराळाला हे तिघे, पोळ्याला नानांच्या घरी शमुवेल. बैलांपुढे त्याने इंग्रजी गाणं म्हटलं, तेव्हा नानांचा म्हातारा म्हणाला होता, "बैल शांत उभे हायेत, म्हंजी गाणं बरं आसंल."

मग अडुसष्टचा नाताळ. कॅम्पातल्या मोठ्या हॉलमध्ये नाच. अण्णांनी इस्त्रीची पँट घातलेली, हॉल भरलेला, आणि नाना आलेले नाहीत. त्यांच्या म्हाताऱ्याने ऐन वेळी मेथीची गाडी बाजारात पोचवायला लावलेली. नाना आले ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, डोक्याला फडकं, पाठीला बास. सूटबूटवाले बघायला लागले. अण्णांना लाज वाटली. वाटली तर वाटली, गप्प बसावं ना! पण हातात माईक होता.

"माफ करा," अण्णा माईकवर म्हणाले, "आमचा बासवाला भाजीवाला आहे. त्याला मेथीची जुडी कळते, वेळ कळत नाही."

सगळा हॉल हसला. शमुवेल हसला नाही.

हे सांगताना अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते बरं झालं. मी उठून चाळीबाहेर जाऊन उभी राहिले. कारण मला लगेच जे तोंडात आलं ते वडीलधाऱ्या माणसाला म्हणण्यासारखं नव्हतं. स्वतः मागच्या दाराने भाजी देणारा माणूस, आणि पुढच्या दाराने आत गेल्यावर पहिली थुंकी आपल्याच माणसावर! असली माणसं मी आमच्या भाजीवाल्यांच्या मोर्चांमध्ये पुष्कळ पाहिलीत. त्यांना स्टेजवर घेतलं की खालचे दिसेनासे होतात. पण बाहेर उभी राहून मीच विचार केला, की हा माणूस हे कुणी न विचारता सांगतोय. परत आत गेले.

"मग नानांनी काय केलं?"

"काही नाही. वाजवलं. शेवटपर्यंत. एक सूर चुकला नाही. मग पिन काढली आणि चालत मखमलाबादला गेला."

दुसऱ्या दिवशी मळ्यात वाटणी झाली. गेणूभाऊंनी स्क्रू काढले. डबा अण्णांचा. स्पीकर नानांनी घेतला. ट्रान्सफॉर्मर जड म्हणून गेणूभाऊंच्या वाट्याला. आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, शमुवेलने लोकरीच्या मोज्यात गुंडाळले. तो रडत होता म्हणे. जाताना एवढंच बोलला, "तुम्ही दोघं बोललात की मला कळवा. मी व्हॉल्व्ह घेऊन येतो." पुढच्या वर्षी तो नाशिक सोडून गेला. आधी मुंबई, मग कुणी म्हणे जहाजावर, कुणी म्हणे आखातात. मामा वारला, घर विकलं गेलं, पत्ता तुटला.

आता मला सांगा, ही वाटणी भाजीवाल्यांशिवाय कोण करेल? शेत वाटलं तर प्रत्येकाच्या तुकड्यात काही तरी उगवतं, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. डब्याच्या तुकड्यात काय उगवणार?

शहाण्णवच्या डिसेंबरात मला त्याच डब्याची गरज पडली. आमच्या गल्लीतून बाजार उठवायचं चाललं होतं. आमचं म्हणणं ऐकायला महापालिकेचा एक साहेब येणार, असं ठरलं. गल्लीत रिक्षा, हातगाड्या, गिऱ्हाईकं, कुणाचं कुणाला ऐकू जात नाही; भोंगा हवाच. आणि नेमकी त्या दिवशी लग्नाची दाट तिथी. नाशिकरोडपासून म्हसरूळपर्यंत एकाही मंडपवाल्याकडे स्पीकर शिल्लक नाही. मी अण्णांकडे गेले.

"अण्णा, डबा जोडायचा."

"जोड. माझा भाग तयार आहे."

गेणूभाऊंकडे गेले. त्यांच्या घराचं दार वाऱ्याने आपटायचं, त्याला ट्रान्सफॉर्मर लावून ठेवलेला. "ने," ते म्हणाले, "पन बदली धोंडा आणून दे. नायतर बायको मला दाराला लावंल." व्हॉल्व्हचं काम त्यांच्याच ओळखीच्या एका जुन्या रेडिओवाल्याने केलं. भंगार रेडिओंतून जुळणारे काढून दिले, वर एक जुना माईकही दिला.

राहिले नाना. त्यांच्या घरी गेले तर सरुबाई, त्यांची बायको, वर बोट दाखवून म्हणाली, "त्यो बघा." आढ्याला शिंक्यात फडक्यात बांधलेलं गोल काही तरी टांगलेलं. "मी लग्न होऊन आले तवाधरनं बघतेय. उंदरांनी कागूद कुरतडू नये म्हून टांगलाय. दर दिवाळीला फडकं बदलतात. मी आधी समजले नवसाचा नारळ हाय."

नाना खाटेवर बसून ऐकत होते. "देणार नाय."

"बाजारासाठी मागतेय, नाना. अण्णांसाठी नाही."

"त्यो माईकवर बोलला. चार लोकांत. चावडीत घातलेली शिवी चावडीतच परत घ्यायची आसती. माईकवरची माईकवर. आधी त्यो बोलंल, मग मी देईन."

"पण स्पीकर दिल्याशिवाय ते माईकवर बोलणार कसे?"

"त्ये माझं नाय."

"आणि ते बोलल्याशिवाय तुम्ही देणार नाही."

"नाय."

"म्हणजे अठ्ठावीस वर्षं तुम्ही त्यांच्या तोंडाला कुलूप घालून किल्ली आढ्याला टांगलीय, आणि वर म्हणताय, का बोलत नाही!"

माझा आवाज चढला होता. शेजारचे दारात आले. सरुबाईच पुढे झाली. "आवो, बरुबर बोलतीय ती. उद्या तुमी गेल्यावर ह्यो मी कुनाला देऊ? पिंडाला शिवायला?"

नाना उठले, खाटेवर चढले, शिंकं सोडलं. "मी सोता बसवनार. आन बटन माझ्या हातात. त्यो बोलला नाय तर बंद करनार. सभाबिभा मी ओळखत नाय."

मी अण्णांना जाऊन तसंच सांगितलं. "काय बोलायचं ते मी ठरवीन," अण्णा म्हणाले. "मला कुणी लिहून देऊ नका." त्यांचा चेहरा पाहून मला धास्ती वाटली. हा माणूस त्या दिवशीही असाच इस्त्री करून उभा राहिला असणार. या वेळी माफी नाही आली तर पुढची संधी कुठली? दोघांची साठी जवळ आलेली.

सभेच्या दिवशी सकाळी डबा माझ्या वांग्यांच्या पाट्यांवर ठेवला, गल्लीच्या बरोबर मधे. नानांनी स्पीकर बसवला, स्क्रू आवळले, अण्णांकडे न बघता. मग बटन दाबलं. काही झालं नाही. कुणी तरी म्हणालं, मेलाय. "पेटायला येळ लागतो," नाना गुरगुरले. "चूल हाय ती, बल्ब नाय." मग जळक्या धुळीचा वास आला आणि डबा हळूहळू घुमायला लागला. गेणूभाऊंची बोटं पत्र्यावर थांबली.

अण्णांनी माईक हातात घेतला. नानांचं बोट बटनावर.

"हॅलो," अण्णा म्हणाले. "हॅलो. हॅलो."

पुढे काही नाही. सगळी गल्ली बघतेय. साहेब अजून यायचे होते. पण बाया, हमाल, गिऱ्हाईकं, सगळी उभी. नानांचं बोट हललेलं मी पाहिलं.

"गिऱ्हाईकं हो," अण्णा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना शहरी बोली सोडून बोलताना ऐकलं, "आज माझ्याकडची मेथी घेऊ नका. कालच्या सांजची हाय. समोर कारभारीकडं जा. त्याची पहाटंची हाय. मेथी त्याला कळती."

गल्ली हसली. अण्णा थांबले. माईक दोन्ही हातांत धरला.

"आन येळबी त्यालाच कळती. आमच्यात सगळ्यांत जास्त त्यालाच कळायची. बास त्यो वाजवायचा. त्यो होता म्हून आमी ताळ्यावर होतो. मीबी भाजीवालाच हाय. त्या दिवशीबी होतो."

आपलं गिऱ्हाईक समोरच्याकडे पाठवणं म्हणजे काय, हे बाजारात बसणाऱ्यालाच कळेल. आम्ही आपल्या सख्ख्या बहिणीकडे पाठवत नाही.

नाना वाकले. बटन बंद केलं नाही. शेजारची आवाजाची खुंटी जराशी फिरवली.

"गोरख्या," ते म्हणाले, "तोंड लांब धर. तवाबी आसाच गिळायचास माईक."

गेणूभाऊ गाडीमागे वळून पातेलं घासायला लागले. ते पातेलं स्वच्छच होतं.

तासाभरात नानांची मेथी संपली. मग नाना स्वतः माईकवर आले, घसा खाकरला आणि ओरडले, "माझी संपली! आता गोरख्याची घ्या. शिळी आसली तरी माझ्याच बांधाशेजारची हाय!" साहेब आले तेव्हा बाजार हसत होता. त्यांना वाटलं, आम्ही त्यांनाच हसतोय. तेही वाईट झालं नाही. बाजार अजून त्याच गल्लीत आहे, पण ती लढाई वेगळी, ती दुसऱ्यांदा सांगेन.

त्यानंतर दर गुरुवारी कांद्याच्या चाळीत डबा पेटतो. दोघांची बोटं जाड झालीत, तारा नीट दाबल्या जात नाहीत. गेणूभाऊ कुणाचा तरी ड्रम आणतात आणि बायकोच्या शिव्या खातात. वाजवण्यापेक्षा भांडणंच जास्त: तू पुढं गेलास, तू मागं राहिलास, तुला काय कळतंय. सरुबाई भाकरी पाठवते. मी कधी कधी जाऊन बसते. मला ते संगीत कळत नाही. पण नाना बास वाजवताना अण्णा डोळे मिटून मान डोलावतात, ते कळतं. एकदा मी विचारलं, नाना, इतकी वर्षं मनात काय होतं? म्हणाले, "राग व्हता. पन रागाला सोबत लागती, मनीषा. समोर बसून केला म्हून टिकला."

पट्टीवरच्या चार भोकांपैकी एक मात्र रिकामं असतं. नवी पिन कुणी घालू दिली नाही. गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीनला, एका ओळखीच्या पोराने दुसरी गिटार आणली होती. तो त्या भोकात पिन घालायला गेला, तर नानांनी त्याचा हात धरला. "ते शमुवेलचं हाय," म्हणाले. रेडिओवाल्याने बसवलेले व्हॉल्व्हही ते उसनेच समजतात. "आपले यायचे हायेत."

मी चौकशी केली. शरणपूरला गेले, चर्चमध्ये विचारलं, म्हाताऱ्या माणसांच्या ओसऱ्यांवर बसले. कुणालाच नक्की ठाऊक नाही. तो माणूस वचन मोडणाऱ्यातला नव्हता, असं तिघेही सांगतात. त्याला निरोपच गेलेला नाही, एवढंच. त्याच्या लेखी ते दोघं अजून बोलत नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते. मुंबईला, पुण्याला, आखातात, कुठेही असा. शरणपूरचा शमुवेल, उंच, डावखुरा, गाताना डोळे मिटणारा, आता सत्तरीकडे झुकलेला, असा कुणी भेटला, त्याच्या घरात लोकरीच्या मोज्यात काचेचे व्हॉल्व्ह दिसले, तर त्याला एवढंच सांगा: ते दोघं बोलले. गुरुवारी मखमलाबादला, गोरक्षअण्णांच्या कांद्याच्या चाळीत ये म्हणावं. भोक रिकामं ठेवलंय.